१/३५ शर्मन: चाकं चिकट, नळी मोडलेली, रंग पांढरट. दुरुस्त करू की नवा किट आणू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काकांनी वीसेक वर्षांपूर्वी किटमधून जोडलेला शर्मन या अमेरिकन रणगाड्याचा १/३५ चा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) प्लास्टिकचा नमुना दादरच्या घरात कपाटावर पडून होता. आता खाली काढला तर एका बाजूचा ट्रॅक (चाकांभोवतीचा पट्टा) तुटलाय, चाकं बोटाला चिकट लागतात, तोफेची नळी मुळाशी मोडलीय, रंगावर पांढरट थर आलाय आणि डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) पिवळे पडलेत. सगळा रंग उतरवून नव्यानं रंगवावा का, की सरळ नवा किट आणावा, आणि पाऊस चालू असताना यातलं काय करता येईल, हे तुम्हाला हवंय.

पाच बिघाड सांगितलेत, पण त्यातले चार होऊन गेलेले आहेत. मोडलेली नळी उद्या आणखी मोडणार नाही. पिवळं डेकल महिनाभरात आणखी पिवळं झालं तरी फरक दिसणार नाही. चिकट चाकं मात्र रोज थोडी थोडी खराब होतायत आणि ते थांबवणं तुमच्या हातात आहे. म्हणून आधी कामाचं सांगतो: ट्रॅक आज काढा, दोन्ही बाजूंचे. धड दिसणारासुद्धा. बाकी सगळं ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतं, आणि रंगाचं काम तर थांबवलेलंच बरं.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे. ट्रॅक मऊ रबरासारखा आहे की कडक प्लास्टिकच्या कड्यांचा? काकांनी कोणता रंग वापरला होता? आणि तुम्हाला काकांचा शर्मन हवाय की एक चांगला शर्मन हवाय? तिसऱ्याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या, पहिल्या दोन्हींचं मॉडेलकडून काढून घेता येतं.

चाकं चिकट का होतात ते आधी. जुन्या किटमधले एका पट्टीचे काळे ट्रॅक मऊ पीव्हीसीचे, म्हणजे आपण ज्याला व्हिनाइल म्हणतो त्याचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते वाकावं म्हणून त्यात तेलासारखा एक मृदुकारक मिसळलेला असतो. तो पीव्हीसीशी पक्का बांधलेला नसतो, वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतो. चाकं आणि मडगार्ड पॉलिस्टायरीनचे, म्हणजे किटच्या नेहमीच्या कडक प्लास्टिकचे असतात, आणि हा मृदुकारक पॉलिस्टायरीनला विरघळवतो. म्हणून जिथं ट्रॅक चाकाला टेकलेला होता तिथंच चाक मेणचट होतं, तिथं ट्रॅकची नक्षी उमटते, कधी अख्खा खळगा पडतो. तोच मृदुकारक निघून गेल्यामुळे ट्रॅक ठिसूळ होऊन तुटतो. म्हणजे तुटलेला ट्रॅक आणि चिकट चाक हे दोन वेगळे बिघाड नाहीत, एकाच गळतीची दोन टोकं आहेत. उष्णतेनं ही गळती वाढते. मुंबईतल्या घरात कपाटाचा माथा म्हणजे छताखालची सगळ्यात गरम जागा, त्यामुळे टेबलावर जे पंधरा वर्षांत झालं असतं ते तिथं लवकर झालं.

ट्रॅक काढताना ओढू नका. ओढलात तर मऊ पडलेल्या चाकाची साल ट्रॅकबरोबर निघून येईल. शर्मनला पुढचं दातेरी चाक जमिनीपासून बरंच वर असतं. तिथून पहिल्या चाकापर्यंतचा ट्रॅक अधांतरी असतो, त्यामागे काही नसतं. तिथं धारदार ब्लेडनं आडवा काप घ्या. मग ट्रॅक मागच्या टोकाकडे हळूहळू सोलत जा. जिथं चिकटलाय तिथं दात साफ करायचा दोरा चाक आणि ट्रॅकच्या मधून करवतीसारखा पुढेमागे फिरवा. पातं नको, ते मऊ प्लास्टिकमध्ये कधी शिरतं ते कळत नाही. दोरा मधला चिकटा कापत जातो आणि चाकाची गोलाई सोडत नाही. दोरा मळला की पुढचा भाग घ्यायचा. निघालेला ट्रॅक सरळ करून लांबी मोजून लिहून ठेवा, मग झिप पिशवीत घालून मॉडेलपासून दूर ठेवा. दुसऱ्या एखाद्या किटच्या डब्यात टाकलात तर तिथं हीच कथा सुरू होईल.

आता चाकं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब कपभर कोमट पाण्यात घालून इअरबडनं पुसा, साध्या पाण्याचा बड फिरवा, सुकू द्या. वरवरचा तेलकटपणा एवढ्यानं जातो. त्यानंतरही नखाचा ठसा उमटत असेल तर तो थर कायमचा मऊ झालाय. हा मृदुकारक पेट्रोलसारखा उडून जात नाही, त्यामुळे वाळायची वाट बघण्यात अर्थ नाही. ब्लेड उभं धरून तो थर खरवडून काढा. खाली कडक प्लास्टिक लागलं की ब्लेडचा आवाज बदलतो, बारीक कोरडा कीस निघायला लागतो. तिथं थांबा. खळगा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर फेविक्विक आणि बेबी पावडर यांची लापशी करून भरा. ही पुट्टी दहा-पंधरा मिनिटांत घासण्याजोगी होते, पण तासाभरात घासून घ्या. रात्रभर ठेवलीत तर ती आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि मग घासताना पुट्टी तशीच राहून बाजूचं चाक खचतं. खळगा खोल असेल तर एम-सील. ते आक्रसत नाही, फक्त जरा भरड असतं, म्हणून बसवताना ओल्या बोटानं गुळगुळीत करून घ्यायचं. वॉटरपेपर आधी ४००, मग ६००, शेवटी १०००, नेहमी ओला.

आणि एक सोपी पळवाट, जी बरेच जण विसरतात. शर्मनच्या बऱ्याच किटमध्ये चाकं फिरती असतात. काकांनी ती गोंदानं जाम केलेली नसतील तर ट्रॅकचा ठसा पडलेली बाजू वर, बोगीच्या (चाकांची जोडी धरणाऱ्या चौकटीच्या) स्प्रिंगच्या आड फिरवून ठेवा आणि चांगली बाजू खाली आणा. बाराही चाकं भरत बसण्यापेक्षा हे बरं. एखाद्या चाकाचा आस करकरला तर जोर लावू नका. जुन्या इनॅमल वॉशचं (खोबणींत सोडलेल्या पातळ रंगाचं) टर्पेंटाइन आसाच्या खोबणीत साचलेलं असेल तर तिथलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि चाक हातात येतं.

ट्रॅकचा निकाल लागला. आता पांढरट थर.

इथं घाईनं रंग उतरवायला घेणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण पांढरेपणा तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि प्रत्येकाला औषध वेगळं. आधी मऊ, कोरड्या मेकअपच्या ब्रशनं धूळ झटका. मुंबईची धूळ नुसती धूळ नसते, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ आणि रस्त्यावरचा धूर तिच्यात मुरलेला असतो, त्यामुळे ती झटकून पूर्ण जात नाही. मग पोटाखाली, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं पाण्याचा एक थेंब टेकवा आणि भिंगातून बघा. थेंबाखाली पांढरेपणा नाहीसा होऊन खालचा हिरवा रंग स्वच्छ दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरं झालं, तर दोष मॅट वार्निशच्या पृष्ठभागात आहे. दमट हवेत मारलेलं वार्निश असं धुकट होतं. रंग खाली शाबूत आहे. पांढरेपणा ठिपक्याठिपक्यांनी असेल, भिंगाखाली तंतू दिसत असतील आणि ओल्या बडवर निघून येत असेल, तर ती बुरशी. आणि तो फक्त सांध्यांजवळ, हँडलांच्या मुळाशी, दिव्यांच्या भोवती असेल तर ती फेविक्विकची वाफ बसलेली आहे.

वार्निशचं धुकं पुसून जात नाही. कोरड्या दिवसात त्यावर ग्लॉस क्लिअरचा पातळ हात मारला की ते बहुतेक वेळा विरतं, मग वर पुन्हा मॅट. तामिया या मॉडेल कंपनीचे एक्स-२२ (ग्लॉस) आणि एक्सएफ-८६ (मॅट) या कामाला पुरतात. बुरशीला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं अर्धं, पण आधी तोच पोटाखालचा कोपरा तपासून. फेविक्विकच्या वाफेला काहीच धुवायला जाऊ नका, शेवटी रंगाचा बारीक हात दिला की ती झाकते. पुढं कधी फेविक्विक वापराल तेव्हा सुईच्या टोकावर घेऊन लावा आणि पंखा हळू चालू ठेवा. दमट हवेत ते झटकन धरतं खरं, पण वाफही तितकीच जास्त बसते.

कोणता रंग आहे हे ओळखायलाही तोच कोपरा वापरा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला बड दहा-बारा वेळा फिरवा. बडवर हिरवा आला तर अॅक्रिलिक. काहीच आलं नाही तर बहुधा पूर्ण पिकलेलं इनॅमल किंवा लॅकर. आणि इथं एक धोका: हार्डवेअरच्या दुकानात थिनर मागितलं की एनसी थिनर हातात ठेवतात. ते पॉलिस्टायरीनच खातं. रंग निघाला म्हणून तुम्ही खूश व्हाल आणि रिव्हेटही गेलेले असतील. मॉडेलजवळ ती बाटली आणूच नका. आयसोप्रोपिल लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतं, सर्किट बोर्ड साफ करायला तेच वापरतात.

माझं मत विचाराल तर सगळा रंग उतरवू नका. रंगाचा थर इतका जाड असेल की बोल्टची डोकी बुजली आहेत, तरच उतरवण्यात अर्थ आहे. एरवी उतरवताना बारीक हँडल, दिवे, हत्यारं यांतलं निम्मं तुटून येतं, जुने सांधे सुटतात, आणि शेवटी जे उरतं ते रंगवून ‘काकांचा शर्मन’ होत नाही. साफसफाई, दुरुस्तीच्या जागांपुरता जुळता रंग आणि वरून एक मॅट हात, एवढ्यावर तो उभा राहतो.

आता नळी. ही नीट समजून घ्या, कारण इथं नुसतं फेविक्विक लावून लोक फसतात. नळी मुळाशी मोडते तिथंच तिचा सगळा भार येतो, आणि वर टेकवून चिकटवलेला जोड पहिल्या धक्क्याला पुन्हा सुटतो. आत खिळी हवी. ७५ मिलिमीटरच्या तोफेचं भोक १/३५ मध्ये २.१ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे नळीची बाहेरची जाडी तीनच्या वर आहे. एक मिलिमीटर जाडीची खिळी आरामात बसते. कागदाची यू-पिन सरळ करून घ्या, ती साधारण तेवढीच असते.

मोडलेली तोंडं घासू नका. ताजं मोडलेलं पॉलिस्टायरीन एकमेकांत अचूक बसतं, तोच तुमचा साचा आहे. आधी कुणी गोंद लावून पाहिला असेल तर तेवढाच खरवडा. दोन्ही तोंडांवर समोरासमोर भोकं पाडायची, आणि ती समोरासमोर येत नाहीत ही खरी अडचण. उपाय सोपा आहे. एका तोंडाच्या मध्याला टाचणीनं खूण करा, त्यावर टाचणीच्याच टोकानं पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवा, नळी जागेवर अचूक बसवून दाबा आणि उचला. ठिपका दुसऱ्या तोंडावर उमटतो. आता पिन वाइसमध्ये (बारीक ड्रिल धरायची हातातली मूठ) आधी ०.५ मिलिमीटरचा ड्रिल, मग १.२ चा. हातानंच. विजेच्या ड्रिलनं प्लास्टिक गरम होऊन वितळतं आणि ड्रिल आत अडकतो. नळीत आठ मिलिमीटर खोल, बुरुजाच्या बाजूला चार-पाच पुरे. भोक खिळीपेक्षा किंचित मोठं मुद्दाम ठेवलंय, म्हणजे नळी सरळ करायला वाव राहतो.

गोंद अराल्डाइट, तोही सावकाश धरणारा. समान माप घेऊन मिसळा, खिळीला आणि भोकात लावा, तोंडावर अगदी थोडा. बाहेर आलेला गोंद आयसोप्रोपिलच्या बडनं लगेच पुसा. मग बुरुज काढून घ्या आणि मागच्या बाजूवर टेकवून नळी आकाशाकडे करून उभा ठेवा, वाटीत तांदूळ घेऊन त्यात रोवला तर हलत नाही. आडवा ठेवलात तर रात्रीत नळी तिच्याच वजनानं किंचित खाली झुकते आणि सकाळी तोफ दमल्यासारखी दिसते. चोवीस तास हात लावू नका. मग जोडावरची रेष पातळ पुट्टीनं भरून ओल्या १००० नंबरच्या पेपरनं नळीच्या भोवती फिरवत घासा, लांबीच्या दिशेनं नाही. लांबीच्या दिशेनं घासलं की नळीला सपाट पट्टा पडतो, आणि तो मॅट रंगाखालीही लपत नाही.

बारीकसारीक भाग घरात जे आहे त्यातूनच होतात. तुटलेली हँडलं विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या एका तारेची करा. तार पक्कडीत धरून ताणा, ती सरळ आणि जरा ताठ होते, मग पोलादी पट्टीच्या कडेवर वाकवा. टो केबल (रणगाडा ओढायची दोरी) काकांनी दोऱ्याची केली असेल तर आता तिला केस फुटले असतील. तीच तार चार-पाच पदरी घेऊन पिळा, खऱ्या केबलसारखा पीळ दिसतो. वरच्या मशीनगनची नळी हरवली असेल तर २२ गेजची इंजेक्शनची सुई बघा. बाहेरून सुमारे ०.७ मिलिमीटर, आतलं भोक ०.४. अर्ध्या इंची ब्राउनिंगचं, म्हणजे त्याच मशीनगनचं, १२.७ मिलिमीटरचं भोक १/३५ मध्ये ०.३६ येतं, म्हणजे जवळजवळ बरोबर. पक्कडीनं तोडू नका, तोंड चपटं होतं. कानशीनं भोवती खाच पाडा आणि मोडा. अँटेनासाठी किटच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून दोन बोटं वर फिरवत मऊ करा, ज्योतीतून बाहेर काढा आणि मग ताणा. ज्योतीतच ताणलात तर तुटतो. कानशी, बारीक ड्रिल, वॉटरपेपर नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात, हॉबीच्या दुकानापेक्षा स्वस्तात.

सुटलेले सांधे पातळ सिमेंटनं (मॉडेलच्या द्रव गोंदानं) जोडायचे असतील तर एवढं लक्षात ठेवा की ते सिमेंट रंगावर काम करत नाही, ते प्लास्टिकला विरघळवून जोडतं. जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग खरवडा, भाग एकमेकांवर धरा, ब्रशचं टोक फक्त रेषेला टेकवा, ते आपसूक आत ओढलं जातं. बोट त्या रेषेवर असेल तर तेही बोटाखाली ओढलं जातं आणि तुमचा ठसा रणगाड्यावर कायमचा उमटतो. मऊ पडलेल्या चाकांजवळ हे सिमेंट अजिबात नको.

डेकल पिवळे आहेत ना? तसेच राहू द्या. खऱ्या रणगाड्यावरची पांढरी चांदणीही मातीनं पिवळट व्हायचीच. कडा उचलल्या असतील तर डेकल मऊ करायचा द्रव, मायक्रो सोल किंवा तत्सम, ब्रशनं लावा आणि सुकेपर्यंत बोट लावू नका, मधल्या वेळात डेकल सुरकुतलेलं दिसलं तरी घाबरू नका. न वापरलेला पिवळा डेकलचा कागद हाताशी असेल तर झिप पिशवीत घालून पावसाळ्यानंतर खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही आठवड्यांच्या उन्हात पिवळेपणा बराच उतरतो. वापरण्याआधी ग्लॉस क्लिअरचा एक हात त्यावर मारा, नाहीतर पाण्यात पडल्यावर त्याचे तुकडे होतील.

रंग जुळवताना बाटलीवरच्या नंबरावर जाऊ नका. तामियाचं ऑलिव्ह ड्रॅब, एक्सएफ-६२, ताजं मारलं तर वीस वर्षं उजेड खाल्लेल्या रंगाशेजारी काळं दिसेल. पाच भाग त्याचे आणि एक भाग बफ, एक्सएफ-५७, इथून सुरुवात करा. पांढरा घालू नका, रंग थंड आणि खडूसारखा होतो. प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर पट्टा मारून पूर्ण वाळू द्या, मगच मॉडेलशेजारी धरून उजेडात बघा. ओला असताना केलेली तुलना खोटी ठरते. थोडा फरक उरलाच तर आर्टच्या दुकानातल्या कोरड्या पेस्टल खडूचा तपकिरी-पिवळा कीस मऊ ब्रशनं खालच्या भागावर आणि दुरुस्तीच्या जागांवर फिरवा, नजरेला जोड सापडत नाही.

पावसाळ्यात का थांबायचं, तर स्प्रेमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतली ओल तिथं बसते. लॅकर आणि मॅट वार्निशचा पांढरेपणा तिथूनच येतो. जुलैत बाल्कनीत स्प्रे कॅन मारणं म्हणजे तो दोष विकत घेणं. अगदीच थांबवत नसेल तर एसी ड्राय मोडवर तासभर चालवून खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली आणा (आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आता सहज मिळतं) आणि स्प्रेऐवजी ब्रशनं पाण्यातला अॅक्रिलिक वापरा. एअरब्रश असेल तर पाणी पकडायची बाटली कॉम्प्रेसरवर असली तरी आणखी एक एअरब्रशजवळ लावा. गरम हवा नळीतून येताना थंड होते आणि पाणी पहिल्या बाटलीच्या पुढं जमतं. रोज काम संपलं की टाकीचा खालचा नळ उघडून पाणी काढून टाका.

नवे ट्रॅक शेवटी. पुन्हा व्हिनाइल घ्यायचेच असतील तर चाकांच्या कडांना आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूला आधी अॅक्रिलिकचा हात द्या. त्यानं गळती मंदावते, बंद होत नाही. मी कडक प्लास्टिकचे, लांब पट्ट्या आणि सुटी कडी असे मिळून येणारे घ्यायला सांगेन. नेहमीच्या शर्मनला एका बाजूला ७९ कड्या, लांब केलेल्या एम४ए४ ला ८३, त्यामुळे किट कोणता ते आधी बघा. आणि वरचा ट्रॅक लोंबता ठेवू नका. टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचा ट्रॅक चाकांवर पडलेला असतो ते बघून लोक शर्मनलाही तसा झोका देतात. शर्मनच्या कड्यांच्या सांध्यात रबर असतं, वर टेकू देणारे रोलर असतात, तो बऱ्यापैकी ताठ चालतो.

राहिला नव्या किटचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तो १९६५ च्या युद्धातला भारतीय शर्मन करायचा विचार आहे. मग नवा किटच घ्या, पण काकांच्या शर्मनला हात न लावता. त्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला डेक्कन हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटचे जे शर्मन लढले त्यांवर ७६ मिलिमीटरची तोफ होती. तिचा बुरुज मोठा आणि आकारानं वेगळा. तुमच्याकडचा ७५ वाला आहे, नुसती डेकल बदलून तो तसा होणार नाही आणि जाणकाराच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येईल. बारकावे बघायचे तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम मुंबईहून एका दिवसात होण्यासारखं आहे. तिथं जोड, वेल्डिंगच्या रेषा, बोल्ट, चाकांची झीज बघा आणि फोटो काढा. रंग मात्र तिथून उचलू नका, प्रदर्शनातल्या गाड्या पुन्हा पुन्हा रंगवलेल्या असतात.

काम झाल्यावर तो कपाटावर परत नको, फ्रिजवर नको, आणि पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून तर नकोच. अॅक्रिलिकच्या पेटीत ठेवा, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की खडे पुडीतून काढून जुन्या तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्यायचे, तो तवा नंतर पोळीला वापरायचा नाही. घरातली मोठी माणसं पेटीत डांबरगोळ्या टाकायला सांगतील. त्या टाकू नका. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते आणि बंद पेटीत ती जायला कुठं वाट नसते.